वाडा विकावयाचा आहे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी म्हण मराठी माणसाच्या तोंडी आहे. घर विकून पाहण्याविषयी मात्र अशी म्हण रूढ झालेली नाही. त्याचे कारण उघड आहे. वाडवडिलांचे घर विकण्याची पाळी येणे ही एके काळी अवदसेची खूण समजली जाई. ज्याच्यावर ती पाळी येई तो तिची वाच्यता करीत नसे आणि शेजारीही ती पाहिली न पाहिलीसे करीत. आज परिस्थिती पालटली आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत पुष्कळदा घर विकले जाते, ते कर्जापायी नव्हे. घरात राहावयास कोणी उरले नाही म्हणून. मुलगा बंगळुरास, मुलगी परदेशात, आणि वाड्याच्या अकरा खोल्यांपैकी दोन खोल्यांत वृद्ध दांपत्य. पावसाळा आला की माडीवर ठिकठिकाणी भांडी मांडावयाची आणि ती भरली की रिती करावयाची, हा त्यांचा वार्षिक कुळाचार. अशा घराची विक्री ही लज्जेची गोष्ट नव्हे. परंतु ती कशी करावी, हा विचार करण्याजोगा प्रश्न खासच आहे.

विक्रीचा बेत ठरला की पहिला सल्ला मिळतो तो रंगाचा. ‘भिंतींना चकचकीत रंग द्या, फरशीवर नव्या लाद्या बसवा, म्हणजे भाव चांगला येईल,’ असे दहांतील नऊ जण सांगतात. सल्ला सद्‌हेतूचा असतो. पण जुन्या वाड्याच्या बाबतीत तो बहुधा घातक ठरतो. तो का, हे समजण्यासाठी वाडा कशाचा उभा आहे ते आधी ध्यानात घेतले पाहिजे.

जुन्या वाड्याचे जोते दगडाचे, भिंती विटांच्या वा विटामातीच्या, सांगाडा सागवानी खांबांचा आणि तुळयांचा, आणि या सर्वांस धरून ठेवणारा चुना. हा चुना भट्टीत भाजलेला, पाण्यात विझविलेला आणि घाणीत वाळूबरोबर मळलेला असे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. तथापि त्याची सूक्ष्म छिद्रे कायम राहतात. जमिनीतून भिंतीत चढलेली ओल या छिद्रांवाटे बाहेर पडते आणि हवेत विरून जाते. सिमेंटचा गिलावा हा त्या मानाने घट्ट आणि ताठर असतो. तो चुन्याच्या भिंतीवर चढविला की ओलीची बाहेर पडण्याची वाट बुजते. मग ती भिंतीतच कोंडते, अधिक वर चढते आणि भिंतीत पुरलेल्या लाकडी खांबाच्या बुंध्याशी मुरून राहते. लाकूड कुजते, वाळवीला आयते घर मिळते. आणि बाहेरून पाहणाऱ्यास दिसते ती गुळगुळीत, नवीकोरी भिंत. प्लास्टिक रंगाचा थरही थोड्याफार फरकाने हेच काम करतो. वर्ष-दोन वर्षांत त्याचे पोपडे सुटतात आणि आतला लोणा पांढऱ्या फुलोऱ्यासारखा बाहेर येतो. तात्पर्य, विक्रीसाठी म्हणून केलेली सजावट वाड्याचे आयुष्य वाढवीत नाही. ती कमी करते.

मग करावे काय? सुतार-गवंड्यांच्या अनुभवाचा क्रम साधा आहे: वरून खाली आणि बाहेरून आत. पहिले लक्ष छपराकडे. फुटलेली कौले बदलावी, सरकलेली सारखी करावी, पन्हळी साफ कराव्या. कारण वाड्याचा पहिला शत्रू पाणी हाच होय. दुसरे लक्ष जोत्याकडे. परसात माती साचून जोत्याच्या वर आली असेल तर ती काढावी, न्हाणीचे आणि मोरीचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे. पुष्कळ ओल एवढ्यानेच उतरते. तिसरे लक्ष लाकडाकडे. खांबावर टकटक करून पोकळ आवाज येतो काय, तुळईची टोके भिंतीत शिरतात तेथे लाकूड भुसभुशीत झाले आहे काय, मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून वर गेल्या आहेत काय, हे जाणत्या सुताराकडून पाहून घ्यावे. चौथे लक्ष विजेच्या तारांकडे. जुन्या लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या, आवरण झडलेल्या तारा बदलणे यात सजावट नाही, जीविताचे रक्षण आहे. हे सर्व झाल्यानंतर चुन्याच्या गिलाव्याची डागडुजी आणि चुन्याची सफेदी. यापलीकडे चौक बुजवून खोली काढणे, भिंत पाडून दिवाणखाना मोठा करणे असल्या उलाढाली विकणाऱ्याने करू नयेत. एक तर त्यांस नगरपालिकेची परवानगी लागते. दुसरे म्हणजे त्या घेणाऱ्याच्या मनाजोग्या होतीलच याची शाश्वती नसते, आणि खर्च मात्र विकणाऱ्याच्या पदरी पडतो.

डागडुजीचे हे तत्त्व नवे नाही. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने बडोद्याविषयी १९१६ साली आणि इंदूरविषयी १९१८ साली विस्तृत अहवाल लिहिले. जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याच्या रीतीस त्याचा विरोध होता. मोडकळीस आलेले तेवढे काढावे, सुदृढ असेल ते राखावे, गर्दीत थोडी मोकळी जागा करावी, अशी जपून केलेली शस्त्रक्रिया त्यास मान्य होती. इंदुरास प्लेगची धास्ती असताना त्याने दिवाळीच्या मिरवणुकीची एक युक्ती काढल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. ज्या रस्त्यावरील घरे लोकांनी अधिक स्वच्छ केली असतील आणि दुरुस्त केली असतील, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल, असे त्याने जाहीर करविले. आणि शहरभर झाडलोट, डागडुजी आणि रंगसफेदी यांची चढाओढ लागली. ज्या शहरास असा धडा मिळाला, तेथील वाड्यांच्या मालकांस दुरुस्ती आणि देखावा यांतील अंतर वेगळे सांगावयास नको.

हे अंतर केवळ रुचीचे नाही. ते कायद्याचेही आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आजही अमलात आहे. त्याच्या ५५ व्या कलमान्वये, मालमत्तेतील अथवा आपल्या मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाही आणि सामान्य काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या ध्यानी येण्याजोगा नाही, तो उघड करणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य ठरते. असा दोष न सांगणे हे कपट होय, असे तेच कलम स्पष्ट म्हणते. कुजलेल्या तुळईखाली नवी तक्तपोशी ठोकणे, खचलेल्या भिंतीची भेग लांबीने भरून तिजवर रंग मारणे, ही कृत्ये या दृष्टीने पाहिली पाहिजेत. ज्या घरात सत्यनारायण झाले, मुंजी झाल्या, त्याच्या शेवटच्या व्यवहारात अशी फसवणूक शिरावी, यापरते वाईट ते काय? दोष सांगितला तर भाव थोडा उतरेल हे खरे. परंतु तो लपविला आणि पुढे उघडकीस आला, तर भावाबरोबर नावही जाते.

दोष केवळ भिंतीत नसतो, कागदांतही असतो. किंबहुना वाड्यांच्या विक्रीत अधिक अडचणी येतात त्या कागदांच्याच. नगरपालिकेच्या दप्तरी आजोबांचे नाव, वीजबिलावर दिवंगत काकांचे, आणि राहणारा पुतण्या, अशी स्थिती अनेक घरांत आढळते. अशा घरी प्रथम वारसांची यादी करावी. आणि ती करताना लेकींस वगळू नये. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ साली झाला. त्यात २००५ साली दुरुस्ती होऊन एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. आणि दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. ‘बहिणींचे लग्नात झाले, त्यांस काय विचारावयाचे?’ ही समजूत म्हणूनच आता टिकणारी नाही. वारसांपैकी एकास आपला हिस्सा विकावयाचा असेल, तर अनेक प्रसंगी इतर वारसांस तो प्रथम घेण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे. बहिणीस सहीच्या दिवशी कागद दाखविण्याऐवजी विक्रीचा विचार प्रथम मनात येतो तेव्हाच विचारणे, हे कायद्यासही धरून आहे आणि नात्यासही.

प्रांतोप्रांतीचे नियमही पाहावे लागतात. गोव्यात विवाहाबरोबर पतिपत्नींची संपत्ती सामाईक होण्याची पद्धत सर्वसाधारण असल्यामुळे घराच्या विक्रीस दोघांची संमती आवश्यक ठरते, आणि वारसांतील वाटणीसाठी तेथे २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. बडोद्याच्या काही भागांस गुजरातचा १९९१ चा अशांत क्षेत्रांविषयीचा कायदा लागू असून तेथे विक्रीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. परदेशस्थ वारसाने जवळच्या नातलगास कुलमुखत्यारपत्र देऊन रीतसर खरेदीखत करवून घेणे योग्य. परंतु केवळ मुखत्यारपत्रावर घर ‘विकण्याची’ जी रीत कोठे कोठे पडली होती, तीमुळे मालकी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बजाविले आहे. खरेदीखताची नोंदणी हाच खरा मार्ग होय.

आणखी एक बाब वादास कारण होते. कोरीव खांब, गणेशपट्टीचा दरवाजा, झुंबराची कडी, देवघराची महिरप ही घराची की कुटुंबाची? घराच्या विक्रीबरोबर त्याची कुलुपे, किल्ल्या, दारे, खिडक्या आणि कायम वापरासाठी बसविलेल्या वस्तू घेणाऱ्याकडे जातात, असे १८८२ चा कायदा सांगतो. अर्थात उभयतांनी निराळे ठरविले नसेल तर. म्हणून जे न्यावयाचे असेल त्याची यादी आधी करावी आणि ती करारात लिहावी. सौदा झाल्यावर रात्रीतून महिरप उतरविणे शोभत नाही.

पैशाचा हिशेबही वेळीच मांडावा. सौदा ५० लाख रुपयांचा वा त्याहून अधिक असेल, आणि विकणारा भारतात राहणारा असेल, तर घेणाऱ्याने रकमेतून १ टक्का प्राप्तिकर कापून सरकारात भरावयाचा असतो. परदेशात स्थायिक असलेल्या विक्रेत्यास नियम वेगळे आहेत. घर १ एप्रिल २००१ पूर्वी संपादन केलेले असल्यास त्या दिवशीचे बाजारमूल्य आधारास घेता येते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीने २३ जुलै २०२४ पूर्वी संपादन केलेल्या घराच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के दराने, अथवा महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्के दराने, यांपैकी जो कर कमी होईल तो देण्याची मुभा आहे. घरात केलेल्या भरीव सुधारणांचा खर्च या हिशेबात धरता येतो. म्हणून गवंड्याच्या, सुताराच्या पावत्या जपाव्या. साधी रंगसफेदी मात्र सहसा या सदरात बसत नाही.

सरतेशेवटी राहते ते माळ्यावरचे सामान. पितळी हंडे आणि पाट वाटून घेता येतात. पण ट्रंकेतील मोडी कागदांचे काय? ते कोणास वाचता येत नाहीत म्हणून रद्दीवाल्याच्या तराजूत जातात, आणि एखाद्या शहरात मराठी माणूस कसा आला, कसा रुजला, याचा पुरावा किलोच्या भावाने नाहीसा होतो. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशा कागदांच्या संग्रहाचे आणि अभ्यासाचे कार्य करीत आले आहे. ट्रंक रद्दीत देण्यापूर्वी अशा संस्थेस वा मोडी जाणणाऱ्या अभ्यासकास एक पत्र धाडण्यास फारसे श्रम पडत नाहीत.

घर विकले म्हणजे ते नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याचे होते. नवा मालक ओसरीवर खाट टाकील, माजघरात त्याची मुले अभ्यासास बसतील, पहिल्या पावसात तोही छपराकडे पाहील. त्या रात्री छप्पर गळू नये, आणि गळणारच असेल तर कोठे गळते हे त्यास आधीच ठाऊक असावे, एवढे विकणाऱ्याने केले तर त्याचे कर्तव्य पार पडले. रंगाचा खर्च वाचवून तो पन्हळीवर करावा. आणि किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर वाड्याच्या गुणदोषांची एक खरी यादीही नव्या मालकाच्या हाती द्यावी.