टिंबाच्या डावीकडे



आजचा विषय सबडोमेनचा आहे. शब्द परका वाटला तरी वस्तू आपल्या वापरातली आहे. सातबारा बघायचा तर आपण 'भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन' उघडतो. डिजिटल सहीचा उतारा हवा असेल तर 'डिजिटलसातबारा डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन'वर जातो. मागचा भाग दोन्हीकडे तोच, पुढचा शब्द तेवढा वेगळा. महाभूमी हे मूळ नाव. त्याच्या डावीकडे टिंब देऊन जो शब्द लावला, ते सबडोमेन.

पत्रावर आपण 'मु. पो. वडूज, ता. खटाव, जि. सातारा' असे लिहितो. लिहिताना लहानाकडून मोठ्याकडे जातो, पण टपालाची वर्गवारी करणारा माणूस आधी जिल्हा बघतो, मग तालुका, मग गाव. इंटरनेटही पत्ता शेवटाकडूनच वाचते. वडूजच्या एसटी स्टँडवर कोणी मोबाईलमध्ये 'सातारा डॉट गव्ह डॉट इन' टाकले, की काय होते ते पाहा. मोबाईल कंपनीचा सर्व्हर आधी जगातल्या मूळ सर्व्हरांना विचारतो. हे मूळ सर्व्हर १३ नावांनी चालतात. त्यांना सातारा ठाऊक नसते, पण 'इन'चे दप्तर कोणाकडे आहे ते ठाऊक असते. 'इन'वाले सांगतात, गव्ह डॉट इनचे अमक्याकडे विचारा. ते काम एनआयसी ही सरकारी संस्था सांभाळते. तिथून शेवटी साताऱ्याच्या यंत्राचा क्रमांक मिळतो आणि पान उघडते. हे सगळे पापणी लवते न लवते तोच होते आणि मिळालेले उत्तर काही काळ जपून ठेवले जाते, म्हणजे शेजारच्या माणसाने तेच विचारले तर पुन्हा एवढी चौकशी करावी लागत नाही. प्रत्येक पायरीवरचा माणूस फक्त आपल्या लगतच्या खालच्या पायरीची नोंद ठेवतो. साऱ्या जगाची यादी कोणाकडेच नाही.

पूर्वी तशी यादी होती. अमेरिकेतल्या आर्पानेट या संगणक-जाळ्यावर जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावे एका फायलीत असत. ती फाईल कॅलिफोर्नियातली एक संशोधन संस्था सांभाळायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. संगणक वाढले तशी ती यादी आवरेना. एका जागी बसून सगळ्यांची नावे लिहिणे अशक्य झाले, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी पद्धत मांडली: ज्याच्याकडे नाव, त्याने आपल्या नावाखालच्या नावांचा कारभार बघावा. आजही तीच पद्धत चालू आहे. सबडोमेनचा जन्म सजावटीसाठी झालेला नाही, जबाबदारी वाटून देण्यासाठी झालेला आहे. आज मला सांगायचे आहे ते एवढेच, आणि बाकी सगळे मी याच मापाने मोजणार आहे.

आपल्या नावाखालचा कारभार आपणच बघण्याच्या या स्वातंत्र्याची एक धोक्याची बाजू आहे, ती आधी सांगतो. आपल्या नावाच्या डावीकडे काय लिहावे यावर कोणाचे बंधन नाही. त्यामुळे भामटा 'महाभूमी डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असा पत्ता बनवू शकतो. घाईत वाचणाऱ्याला सुरुवातीचे 'महाभूमी' दिसते आणि तो विश्वास ठेवतो. खरा मालक तिथे अमुकतमुक आहे. म्हणून पत्ता शेवटून वाचायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये परिपत्रक काढून सगळ्या बँकांना, त्यात आपल्या सहकारी बँकाही आल्या, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या शेपटीखाली यायला सांगितले, ते याच कारणासाठी. ही शेपटी बँकेशिवाय कोणालाही मिळत नाही. बँकेच्या नावाने लिंक आली तर आधी शेपूट बघायची. त्यानंतर तिच्या लगेच डावीकडचा शब्द आपल्या बँकेचा आहे का ते बघायचे.

आता चांगली बाजू. आपल्या जिल्ह्यातल्या वाईचे उदाहरण घेतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून मराठी विश्वकोशाचे काम उभे केले आणि १९७६ साली पहिला खंड निघाला. पुढे खंडांची संख्या २० झाली. आज ते छापील खंड 'विश्वकोश डॉट मराठी डॉट गव्ह डॉट इन'वर फुकट वाचता येतात. त्याच 'मराठी डॉट गव्ह डॉट इन'खाली 'शब्दकोश' आहे, 'साहित्य' आहे, 'आरएमव्हीएस' म्हणजे राज्य मराठी विकास संस्था आहे. विश्वकोश मंडळ वेगळे, साहित्य संस्कृती मंडळ वेगळे, विकास संस्था वेगळी. प्रत्येक संस्थेची माणसे वेगळी, काम वेगळे आणि वाचकही बरेचसे वेगळे. पण आडनाव एक. विश्वकोशासाठी आलेल्या विद्यार्थ्याला पत्त्यातला 'मराठी' हा शब्द सांगतो की इथे अजूनही घरे आहेत. मला ही रचना मनापासून आवडते. विश्वकोशाच्या विषयवार ज्ञानमंडळांच्या नव्या नोंदी मात्र 'मराठीविश्वकोश डॉट ऑर्ग' या निराळ्या नावावर आहेत. जुन्या खंडांवर थांबलेल्या मुलाला नव्या नोंदींचा सुगावा पत्त्यावरून लागत नाही. इतके मोलाचे काम एकाच नावाखाली यावे असे मला वाटते.

मराठी विकिपीडियाही सबडोमेनच आहे. विकिपीडिया डॉट ऑर्गच्या डावीकडे 'एमआर' ही मराठीची दोन अक्षरे लागतात. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, तो सुरू झाला. तिथले नियम, तिथले प्रचालक आणि तिथली भांडणे मराठी माणसांची आहेत. इंग्रजी विकिपीडियाचा एखादा कोपरा म्हणून मराठी ठेवली असती, तर हा कारभार आपल्या हाती आला नसता.

आता अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे बघा. ९९ वे संमेलन जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यात झाले. संमेलनाची गादी १८७८ पासूनची, पण यजमान संस्था दरवेळी बदलते. सबडोमेनसाठी याहून योग्य प्रसंग मला दिसत नाही. मूळ नाव साहित्य महामंडळाकडे कायम असावे आणि त्या-त्या वर्षीच्या यजमानाला डावीकडचा एक शब्द द्यावा: 'सातारा', 'दिल्ली', 'वर्धा'. यजमानाने निमंत्रणपत्रिका, भाषणे, ठराव, छायाचित्रे हवी तशी मांडावीत. मांडव उतरला की सबडोमेनच्या किल्ल्या महामंडळाकडे परत याव्यात. दरवर्षी नवे नाव विकत घेतले, तर वर्षभराने नूतनीकरणाचे पैसे कोणी भरायचे हा प्रश्न उरतो, आणि न भरल्यास तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. अध्यक्षीय भाषणाची लिंक शोधनिबंधात दिलेल्या प्राध्यापकाला मग तिथे भलतेच दुकान दिसते.

हेच माप आपल्या तालुक्याला लावू. समजा, खटाव तालुक्याची एक वेबसाइट करायची आहे. तालुक्यात काय नाही? औंध आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेले भवानी संग्रहालय, संस्थानची १९३९ ची राज्यघटना, संगीत महोत्सव, हे सगळे तिथले. मायणीचे पक्षी आहेत. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा आहे. आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी जिथल्या कचेरीवर स्वातंत्र्यलढ्यातला मोर्चा गेला आणि परशुराम घार्गे व त्यांचे साथीदार गोळीबारात पडले, ते वडूज आहे.

प्रत्येकाला सबडोमेन द्यायचे का? माझे उत्तर नाही असे आहे. सबडोमेनला वेगळे पैसे लागत नाहीत, म्हणून ती भराभर काढली जातात आणि ओस पडतात. औंधला द्यावे. तिथे अभ्यासक, चित्रकार आणि गवई येतात, आणि मजकूर सांभाळणारी माणसे वडूजची नसून औंधचीच असायला हवीत. हुतात्म्यांना द्यावे. वारसांकडची पत्रे, न्यायालयाचे कागद, छायाचित्रे जमवून त्यांची नीट सूची करायची, तर तो वर्षानुवर्षांचा उद्योग आहे आणि त्यावर एखाद्या शाळेचे किंवा महाविद्यालयाचे नाव असले पाहिजे. पुसेगावच्या यात्रेला एकच कायमचा पत्ता पुरे, साल आत घालावे. एसटीचे वेळापत्रक, दवाखान्याची वेळ, बाजारभाव ही साधी पाने आहेत. मूळ नावापुढे तिरकी रेघ देऊन ती तिथेच ठेवावीत. मायणीच्या पक्ष्यांची नोंद कोणी दर हिवाळ्यात घेत असेल तर त्याला सबडोमेन द्या, नाहीतर पानच बरे.

गुगलमध्ये वर येण्यासाठी सबडोमेन काढा, असा सल्ला देणारे भेटतील. गुगलने मात्र पुन्हा पुन्हा सांगितले आहे की सबडोमेन असो की तिरक्या रेघेपुढचे पान, त्यांना दोन्ही चालते. माणसे येतात ती आतल्या मजकुरासाठी. पत्त्याचा उपयोग आहे तो बोलण्यात आणि छापण्यात. यात्रेच्या फलकावर, पत्रिकेवर, ध्वनिक्षेपकावरून सांगताना 'औंध डॉट खटाव' लक्षात राहते. चार तिरक्या रेघांचा पत्ता राहत नाही.

इथे एक अडचण आपल्या गावाच्या नावातच आहे. इंग्रजीत वडूज कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने, कोणी एक 'यू' घालतो, कोणी दोन 'ओ'. २०१४ पासून 'डॉट भारत' ही देवनागरी शेपूट मिळते आणि डावीकडचे शब्दही देवनागरीत लिहिता येतात, पण यंत्राला दीर्घ 'वडूज' आणि ऱ्हस्व 'वडुज' ही दोन वेगळी गावे वाटतात. सबडोमेन स्वतःच्या हातात असल्याने ही सगळी रूपे फुकट काढून एकाच पानाकडे वळवता येतात. एक दुपारचे काम आहे, पण ते केल्याशिवाय फलक छापायला देऊ नका.

आणि बंद पडलेले सबडोमेन खोडून टाका. आतली वेबसाइट जिथे भाड्याने ठेवली होती ती जागा सोडली आणि नोंद तशीच राहिली, तर दुसरा कोणी ती जागा घेऊन आपल्या गावाच्या नावाखाली जुगाराची पाने लावू शकतो. असे जगभर झाले आहे. वर्षातून एकदा नोंदींची यादी समोर घ्यावी आणि प्रत्येकीपुढे सांभाळणाऱ्या माणसाचे नाव लिहावे. जिथे नाव लिहिता येत नाही ती नोंद काढावी आणि आतला मजकूर मूळ वेबसाइटवर आणून ठेवावा. जुन्या लिंकवरून येणाऱ्यालाही तो सापडेल अशी सोय करावी.

मूळ नाव एका वेळी १० वर्षांपर्यंत नोंदवता येते. ते पुऱ्या १० वर्षांसाठी घ्या. नोंदणीत ईमेल वाचनालयाचा किंवा नगरपंचायतीचा द्या, वेबसाइट करून देणाऱ्या मुलाचा नको, कारण तो उद्या नोकरीला पुण्याला जाईल. पासवर्ड दोघांकडे असू द्या आणि पदाधिकारी बदलले की दप्तराबरोबर तोही लेखी सोपवा.