केसांची दुखणी आणि त्यांची नावे
(वर्धापनदिनानिमित्त झालेल्या भाषणावरून)



मी काही डॉक्टर नव्हे. तरी आज ह्या विषयावर बोलायला उभी राहिले, ह्याला कारण माझीच एक चूक. माझ्या भाचीच्या डोक्यावर रुपयाएवढी चाई पडली, तेव्हा ‘किडा लागला’ असे समजून मी तिची फणी आणि पंचा वेगळा ठेवला. पोर काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून डोक्यावरची ओढणी काढीनाशी झाली.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर नाव लिहिले, ‘अलोपेशिया एरिआटा’. मी घाबरलेच. त्या हसून म्हणाल्या, “अहो, ही तुमची चाईच की!” वैद्य हिलाच इंद्रलुप्त म्हणतात. ‘अलोपेशिया’ हा शब्द ग्रीक भाषेतल्या कोल्ह्यावरून आला. खरजेने कोल्ह्याचे केस झडतात ना, त्यावरून. चाई किड्याने होत नाही आणि एकाची दुसऱ्याला लागत नाही. रोगाशी लढणारी आपल्याच शरीरातली शक्ती चुकून केसांच्या मुळांवर उलटते, एवढेच. पुष्कळदा केस परत येतात. लागते ते डोक्यातले गजकर्ण, म्हणजे ‘टिनिया कॅपिटिस’. ती बुरशी. तिथे खाज सुटते, खपल्या धरतात. चाईची जागा मात्र गुळगुळीत असते. फणी वेगळी ठेवायची ती गजकर्णात.

दुसरे नाव लेकीसुनांसाठी सांगते: ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’. ते १९६१ साली रूढ झाले. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे वाढतो, तो ‘ॲनाजेन’ काळ. मग दोन-तीन आठवडे ‘कॅटाजेन’. पुढे सुमारे तीन महिने विसावा, तो ‘टेलोजेन’. मग केस गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणे स्वाभाविकच आहे. गरोदरपणी गळायचे केस टिकून राहतात आणि बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी एकदम जातात. मोठ्या तापानंतरही असेच होते. बाळंतिणीला कोणी दोष देऊ नये. वर्षभरात केस बहुधा भरून येतात. न आल्यास रक्त आणि थायरॉईड तपासून घ्यावे.

भाचीची फणी मी त्याच संध्याकाळी आमच्या फण्यांत परत ठेवली. तिने ती उचलली आणि माझ्यापुढे पाठ करून बसली. पुष्कळ दिवसांनी मी तिची वेणी घातली.