अंतःकरणाची राखण



वर्षभरात किती पुस्तके निघाली, त्यांतली किती वाचनीय होती आणि छापखान्याची बिले कोणी थकविली, याचा तपशील अध्यक्षाने सभेपुढे रुजू करावा, अशी आपल्या ख्रिस्ती लेखकांच्या संमेलनांची जुनी वहिवाट आहे. ती आज मी मोडणार आहे, कारण मला जे सांगावयाचे आहे ते पुस्तक छापखान्यात जाण्यापूर्वी, किंबहुना कागदावर उतरण्यापूर्वी, लिहिणाऱ्याच्या मनात जे घडते त्यासंबंधी आहे. अंतःकरणाची राखण करावी हा उपदेश नीतिसूत्रांपासून पौलाच्या पत्रांपर्यंत पवित्र शास्त्रात वारंवार आला आहे, आणि शब्बाथशाळेच्या बाकांवर बसून आपण सर्वांनी तो ऐकला आहे. परंतु ही राखण करावयाची कशी, असे विचारताच आपली बहुतेक प्रवचने वर्ज्य गोष्टींची यादी वाचू लागतात. हे नाटक पाहू नये, ती कादंबरी वाचू नये, अमक्याच्या ओसरीवर बसू नये! याद्यांशी माझे वैर नाही. पण माणसाला भ्रष्ट करणाऱ्या गोष्टी आतूनच निघतात असे खुद्द प्रभूने सांगितल्याचे मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात नमूद असताना, वेशीवर शिपाई वाढवून गावातला चोर कसा सापडावा?

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार ज्यांनी केला, ते चौथ्या शतकातील मिसर देशाच्या अरण्यात राहणारे तपस्वी होत. आणि त्यांच्यापैकी इवाग्रियस नावाच्या विद्वानाची ओळख या सभेला मुद्दाम करून द्यावीशी वाटते, कारण तो पुस्तकांच्या नकला करून आपले पोट भरीत असे, म्हणजे एका अर्थी तो आपल्याच धंद्याचा माणूस होता. कॉन्स्टँटिनोपलच्या मंडळीत नावलौकिक मिळविलेला हा दीक्षित सेवक एका विवाहित स्त्रीच्या मोहात सापडला, तेथून निघून यरुशलेमेस व पुढे मिसरास गेला, आणि इ. स. 399 मध्ये मरण येईपर्यंत त्याने मनात येणाऱ्या विचारांची जणू फौजदारी चौकशी चालविली. विचार मनात येणे अगर न येणे हे आपल्या हाती नाही. आलेल्याने मुक्काम करावा की नाही, एवढे मात्र आपल्या हाती आहे, हा त्याचा सिद्धान्त. म्हणून त्याने शिष्याला हृदयाचा द्वारपाल व्हावयास सांगितले: जो विचार येईल त्याला उंबरठ्यावर थांबवावे, तू आमच्या पक्षाचा की शत्रूच्या, असे विचारावे, त्याची जबानी घ्यावी आणि मगच परवाना द्यावा. या पद्धतीत भयभीत होऊन दारे लावून घेणे नाही. उलट येणाऱ्याचा चेहरा नीट न्याहाळण्याची सवय आहे.

त्याने दुष्ट विचारांचे आठ वर्ग केले होते, त्यांचीच पुढे पोप ग्रेगरीच्या हातून फेरफार होऊन सात पातके झाली. त्या आठांत खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ हे ओळखीचे गुन्हेगार आहेत. त्यांच्याविषयी आपल्या व्यासपीठांवरून पुरेसे बोलले जाते. मला भिववितात ते सभ्य वेषातले. क्रोधासंबंधी इवाग्रियसने एक मार्मिक निरीक्षण केले आहे. मनुष्य प्रार्थनेस बसला की नेमका त्याच वेळी, ज्याने त्याचा अपमान केला त्याचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहतो. आपल्यापैकी कितीजणांनी टीकाकाराच्या त्या चेहऱ्याकडे पाहत, स्तोत्राचे पुस्तक मांडीवर उघडे असताना, मनातल्या मनात उत्तराचा लेख पुरा केला आहे? आणि तो लेख ‘सत्याची बाजू’ अशा मथळ्याखाली छापूनही आणला आहे? अल्पसंख्य समाजाच्या लेखकाला हा मोह विशेष. आपल्यावर अन्याय झाला ही गोष्ट कित्येकदा खरी असते, आणि ती खरी असते म्हणूनच तिच्या पालखीत बसून आलेल्या द्वेषाची झडती घेण्याचे आपल्याला सुचत नाही.

दुसरा सभ्य आरोपी कीर्तिलोभ. तो तपस्व्याला एकान्तात चित्रे दाखवितो: आजारी बरे होत आहेत, गर्दी वस्त्राला हात लावावयास धडपडत आहे, आणि याला धर्मगुरूची दीक्षा देण्यासाठी लोक दाराशी येऊन ठेपले आहेत. संमेलनाच्या अध्यक्षपदाचे निमंत्रण घेऊन आपले चिटणीस माझ्या दाराशी आले, त्या दिवशी इवाग्रियसचे हे प्रकरण मी पुन्हा काढून वाचले. एवढे सांगून मी पुढे जातो!

विचारांना अडविणे पुरेसे नाही, हेही सांगितले पाहिजे. झाडून स्वच्छ केलेल्या पण रिकाम्या ठेवलेल्या घरात पूर्वीपेक्षा दुष्ट आत्मे वस्तीस येतात, हा प्रभूचा दृष्टान्त फादर स्टीफन्सना उत्तम उमगला होता. गोव्यातील ज्या पोर्तुगीज अमलात जुन्या मराठी पोथ्या नष्ट करण्यात आल्या, त्याच अमलात, साष्टीच्या नवख्रिस्ती माणसांचे मन पुराणश्रवणाच्या गोडीवाचून सुने झाले आहे हे पाहून, या इंग्रज जेझुइटाने 1616 मध्ये मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. जप्तीच्या फर्मानाने मन ओस पडते. ते भरावयास कवी लागतो.

आता लक्ष्मीबाई टिळकांविषयी. ‘स्मृतिचित्रे’ ही त्यांची आत्मकथा आपण सर्वांनी वाचली आहे, पण ती अंतःकरणाच्या राखणीचा दस्तऐवज म्हणून वाचावी अशी माझी विनंती आहे. बाईंच्या वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारचा जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. त्या घरात वाढलेली ही बाई, पती 1895 मध्ये ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षांनी त्यांच्याजवळ राहावयास आली, तीही आपले सोवळे सोबत घेऊनच, आणि आपला स्वयंपाक तिने वेगळा मांडला. पुढे जातीचा तो बंध तुटला, तो कोणा पाद्रीसाहेबाच्या वादविवादाने नव्हे. स्वतःच्याच मनाची उलटतपासणी घेता घेता तो तुटला. बाई हे सारे हसत सांगतात, स्वतःची फजिती लपवीत नाहीत, आणि 1900 च्या बाप्तिस्म्यानंतरही राग, हट्ट, पतीच्या उधळ्या औदार्याविषयीची धुसफुस, सर्व काही पूर्वीच्याच मोकळेपणाने नोंदवितात. वडिलांनी जिन्नस धुतले. लेकीने मन उघडून दाखविले. मराठी गद्यात ख्रिस्ती माणसाने केलेली याहून मोठी कामगिरी मला माहीत नाही.

आणि येथेच माझी आपल्या संपादकांविरुद्ध तक्रार आहे. 1842 साली अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ निघाले तेव्हापासून नियतकालिकांची परंपरा आपल्याजवळ आहे. बाप्तिस्म्यापूर्वीच्या झगड्याचे वर्णन करण्याचा बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रासारखा कित्ता आहे. परंतु आपल्या अंकांत येणाऱ्या साक्षी पाहिल्या, तर लेखकाचा सर्व अंधार बाप्तिस्म्याच्या तारखेला संपतो आणि त्यानंतर त्याच्या मनात एकही वाईट विचार येत नाही, निदान छापण्यासारखा तरी येत नाही. असल्या साक्षी वाचून एखादा तरुण, आपल्याच मनात अजून वैर का उठते, असे म्हणत एकटा कुढत बसला, तर त्याचा दोष कोणाच्या माथी? तेव्हा संपादकमहाशयांनी पुढच्या वर्षापासून साक्षीच्या सदरात एवढा नियम करावा: लेखकाने आपल्या बाप्तिस्म्याची हकीकत पहिल्या दोन परिच्छेदांत संपवावी, आणि उरलेल्या जागेत गेल्या महिन्यात कोणता विचार दाराशी आला, त्याने कोणते नाव सांगितले, आणि तो आत कितपत शिरला, ते लिहावे. लेख कमी येतील. सदर काही महिने रिकामे राहिले तरी माझी हरकत नाही.