गच्चीवरचे पाणी
(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



मला दोन शब्द बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण विषय गच्चीचा म्हणताच उठले, कारण त्याची फी मी भरलेली आहे. माझ्या दोन पाटल्या त्यात गेल्या. शिवाय ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर आता आपल्यापैकी बऱ्याच जणींची नावे लागली आहेत. घर आपले म्हणवायचे तर त्याच्या माथ्यावर काय चालले आहे हे आपणच पाहावयास नको का?

पूर्वी आपल्याकडे धाटावला काय, रोह्याला काय, उतरती कौले. पाऊस पागोळ्यांनी खाली येई. वैशाखात कौले चाळली, फुटकी बदलली, की संपले. मग स्लॅब आला. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात कौले-पत्रे पाचोळ्यासारखे उडाले, तेव्हापासून तर स्लॅबवाचून कोणी बोलेनासे झाले. वाऱ्याला तो भारी खरा. पण आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सहाशे चौरस फुटांच्या गच्चीवर ते पाणी दीड लाख लिटरांहून जास्त होते. गुणाकार मुलाकडून करून घेतला आहे, तेव्हा भरवसा ठेवा. एवढ्या पाण्याला वाट मिळाली तर ते जाते, नाही मिळाली तर घरात येते.

आमची गच्ची सासऱ्यांच्या वेळची. काही वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या छताला चहाच्या डागासारखा डाग उठला. गवंडी आला, त्याने वर न बघता सांगितले, "वहिनी, दुसरा कोबा मारू." जुन्या कोब्यावर चार इंच नवा कोबा चढला. पुढच्या आषाढात डाग होता तिथेच, उलट मोठा. आणि एके दुपारी गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा खाली पडला. धाकट्या जावेचे बाळ तिथेच खाली दुपट्यावर निजत असे. त्या दिवशी ते रडले म्हणून तिने पडवीत नेले होते. मी तुम्हांला भीती घालीत नाही, झाले ते सांगते.

मग ओळखीतल्या एका इंजिनिअरना बोलावले. त्यांनी छतावर हातोडीने ठोकून पाहिले. चांगल्या ठिकाणी खणखणीत आवाज, बिघडलेल्या ठिकाणी भद्द. आतली सळई गंजली होती. लोखंड गंजले की फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. पाणी कोब्यातून शिरतच नव्हते. ते कठड्याच्या बुडाशी पडलेल्या चिरेतून आणि पाइपाच्या तोंडाजवळून शिरत होते. पाइपाचे तोंड कोब्यापेक्षा बोटभर वर! तळे साचणार नाही तर काय?

ते आणखी एक बोलले, ते मात्र मला रात्रभर पुरले. सहाशे फुटांवरचा चार इंच कोबा म्हणजे सुमारे दहा टन ओझे. मला किल्लारी आठवली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-धाराशिवकडे भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. तिकडची घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, वर सपाट माळवद. गळू नये म्हणून त्यावर मातीचे थर चढत गेलेले. ते सगळे झोपलेल्या माणसांवर आले. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. आपला स्लॅब म्हणजे माळवद नव्हे, हे मला कळते. पण गळतीवर थरावर थर चढविण्याची बुद्धी तीच.

आम्ही दोन्ही कोबे उकरून काढले. सळया घासून, काँक्रीट दुरुस्त करून मग एकच नवा कोबा घातला. उतार दर दहा फुटांना निदान सव्वा इंच हवा, आणि तो पाइपाकडे. कठड्याच्या कोपऱ्याला काटकोन ठेवू नये, सिमेंटची गोलाई करून घ्यावी. नव्या कामावर आठ-दहा दिवस पाणी मारावे. हे काम गवंडी आपल्यावरच सोडतो, तेव्हा कंटाळू नका. शेवटचा हप्ता देण्याआधी पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी दोन दिवस कोंडा आणि खालून छत बघा. गवंड्याला हे आवडत नाही. न आवडू दे.

आता आपल्या चुका. वाल, मिरच्या, आमसुले वाळत घालायला गच्ची आपली. पण तिथे मुसळाने कुटू नका. कपड्यांच्या तारेसाठी, टीव्हीच्या छत्रीसाठी कोब्यात भोके पाडू देऊ नका. कुंड्या कठड्याला चिकटवू नका, खाली ओल राहते. पाइपाच्या जाळीत आंब्याची पाने अडकतात. मृगाआधी एकदा आणि श्रावण सरेपर्यंत दर आठवड्याला हात घालून काढावी लागतात. शंभर चौरस फुटांवर इंचभर पाणी तुंबले तरी ते दोनशे छत्तीस लिटर, म्हणजे तितकेच किलो ओझे. वर पत्र्याची शेड घालणार असाल तर पंचायतीला विचारा, आणि तिचे खांब नुसत्या कठड्याला बांधू नका. निसर्गात कठड्यासकट शेडी गेलेल्या आपण पाहिल्या आहेत.

आमच्या जिन्याजवळच्या कोपऱ्यात अजून थोडी ओल येते. ती या वैशाखात पाहायची आहे. आमची गच्ची कुणाला बघायची असेल तर रविवारी दुपारी तीननंतर या. जिना मागच्या दाराने आहे, आणि वाल वाळत घातले आहेत, तेवढे ओलांडून यावे लागेल.