परसबागेच्या पाण्याचा हिशेब



परसबागेचा विषय निघाला म्हणजे बियाण्यांची, खतांची व किडींची चर्चा होते. पाण्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. नळ उघडला की पाणी येते, त्याचे देयक आले की ते आपण भरतो, आणि एवढ्याने व्यवहार पुरा झाला अशी आपली समजूत असते. या समजुतीची किंमत मला एका उन्हाळ्यात कळली. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

मी हिंगोली जिल्ह्यातील सेनगावचा राहणारा. पूर्णा नदीवरील येलदरीचे धरण आमच्यापासून दूर नाही, कयाधू नदी आमच्याच मुलखातून वाहते, आणि वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊसही पडतो. तरीही मृगाच्या आधीचे दोन महिने विहिरींचे तळ दिसतात. आमच्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी राहते ते केवळ वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. म्हणजे साठा थोडा, आणि तोही साऱ्या गल्लीचा सामाईक.

घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात मी भाजीपाला लाविला होता. २०१९ च्या उन्हाळ्यात तो सुकू लागला, तेव्हा मी १८० फूट खोल विंधनविहीर घेतली. ६० मीटरांहून खोल विहिरींवर महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने बंधन घातले आहे. माझी विहीर त्या मर्यादेच्या आत होती. खर्चही जड वाटेना. एवढ्या खोलीवरून हजार लिटर पाणी वर आणावयास विजेचे साधारण अर्धे युनिट पुरते. कायद्याने मी निर्दोष आणि हिशेबाने शहाणा ठरलो होतो.

पंधरा दिवसांत शेजारच्या आजींचा आड आटला. तो माझ्या विहिरीमुळेच आटला असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. ते वर्षच अवर्षणाचे होते. परंतु एके सकाळी त्या घागर घेऊन दाराशी आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, तुमच्या दोडक्याचं झालं असंल तर एक घागर मला भरू द्या.” त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले.

त्या रात्री मी पुन्हा हिशेब केला. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. अर्धा गुंठा म्हणजे ५० चौरस मीटर. वैशाखात वाफ्यांना दररोज सहा मिलिमीटर पाणी धरले, तर ३०० लिटर होतात. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटरांचे मान ठरविले आहे. म्हणजे माझे दोडके आणि भेंड्या पाच माणसांहून अधिकांचे पाणी पीत होते! विजेच्या देयकात ही रक्कम कोठेच लिहिलेली नव्हती.

तेव्हापासून चैत्र ते मृग मी भाजीचे वाफे मोकळे ठेवितो. आपल्या आज्या न्हाणीघराचे पाणी केळीला व अळवाला सोडीत. तोच पाट मी पुन्हा काढिला. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी कढीलिंब व तुळस यांना जाते. मोजक्या झाडांच्या मुळांशी भाजलेली, बिनझिलईची मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरून त्यांची तोंडे झाकली आहेत. माती कोरडी होईल तसतसे त्यांतून पाणी पाझरते. वर पालापाचोळ्याचा जाड थर असतो. पाणी घालावयाचे ते सूर्यास्तानंतर.

राहिला पाऊस. माझ्या घराचे पत्र्याचे छप्पर ४० चौरस मीटरांचे आहे. ९०० मिलिमीटर पावसाने त्यावर ३६,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी २८,८०० लिटर हाती राहते. पहिल्या सरींचे पाणी सोडून देऊन बाकीचे मी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळतो, आणि भिंतीपलीकडे आजींच्या आडात सोडितो. आड त्यांचा असला तरी खालचे पाणी दोघांचे आहे.

शहरातील श्रोत्यांना हा खेड्यातील प्रकार वाटेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. माझ्या लहानशा बागेसारख्या सुमारे १,७०० बागा ते एका दिवसात पिऊन टाकतील.

बाग अवश्य करावी. हिरव्या पानावाचून घराला शोभा नाही. मात्र झारी भरण्यापूर्वी एवढेच पाहावे, की हे पाणी एकदा घरात वापरलेले आहे, आपल्याच छपराचे आहे, की कोणाच्या घागरीतले आहे. तिसरे असेल, तर ते रोप पावसाळ्यापर्यंत थांबू शकते. घागर घेऊन दाराशी आलेले माणूस थांबू शकत नाही.