चाकाचे नट सैल का होतात?
पिकअप गाडीचे चाक केवळ नटांवर टांगलेले नसते; नट आवळताना हबमधील स्टड, म्हणजे आटे पाडलेला पोलादी दांडा, किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने रिम हबवर दाबली जाऊन दोहोंमधील घर्षणच बहुतांश भार पेलते. मात्र या पृष्ठभागांमध्ये गंज, चिखल किंवा रंगाचा जाड थर राहिला, तर तो प्रवासात चेपला जातो, ताण उतरतो आणि नट सैल होतो. म्हणूनच चाक बदलल्यावर साधारण ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावे लागतात. पान्यावर उभे राहून नट आवळण्याची सर्रास दिसणारी पद्धत उलट घातक ठरते, कारण अतिताणाने स्टड कायमचा लांबतो आणि पुढे तुटूही शकतो. नटाभोवती उमटलेले गंजाचे ओघळ ही बहुधा सैलपणाचीच खूण असते.