बारगीर आणि बर्गी

काशीच्या ब्रह्मा घाटावर पिढ्यान्‌पिढ्या मराठी कानी पडत आली आहे. दक्षिणेस, दशाश्वमेधाच्या पलीकडे, बंगाली टोला आहे. दोन्ही वस्त्यांची गंगा एकच. अठराव्या शतकाची आठवण मात्र एक नव्हे.

१७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर चालून गेल्या. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भास्करराम कोल्हटकरांना भेटीस बोलावून त्यांचा घात केला, हे आपण विसरलो नाही. १७५१ च्या तहाने ओरिसा आणि सालीना बारा लक्षांची चौथाई मिळाली, हेही आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या स्वाऱ्यांत गावे जळाली आणि आपला ‘बारगीर’ ‘बर्गी’ होऊन बंगाली अंगाईत शिरला, हे आपल्या गावीही नसते.

आठवणींचा असाच कलह पूर्व आशियात आहे. समुद्रातील त्याच खडकाळ बेटांना जपानी ताकेशिमा म्हणतात, कोरियन डोकडो. १९१० ते १९४५ च्या जपानी अंमलाचे शल्य त्या वादाशी जडलेले आहे.

सखाराम गणेश देउस्कर वंशाने मराठी. पण १९०४ साली ‘देशेर कथा’ त्यांनी बंगालीत लिहिली, आणि बंगालमध्ये शिवाजी-उत्सवाचा पुरस्कारही केला. बंगालने त्यांना आपले मानले. शेजाऱ्याची आठवण ऐकून घेतल्याने आपला इतिहास उणा होत नाही. तो पुरा होतो.